आमच्या घरातली संशोधक

घरात कुणी डॉक्टर असेल, वकील असेल, दुकानदार असेल, तर त्याचा दिवस कसा जातो हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डॉक्टर पेशंट तपासतो, वकील कोर्टात जातो, दुकानदार गल्ल्यावर बसतो. पण ‘आमची मुलगी संशोधन करते’ असं सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग विचारतो, ‘म्हणजे नेमकं करते तरी काय?’ आमच्याकडे हा प्रश्न गेली पाच-सहा वर्षं येतो आहे. लग्नात येतो, ईदच्या भेटीगाठीत येतो, मय्यतीच्या घरी बसलेलं असतानाही येतो. त्याच्यामागोमाग दुसरा प्रश्न, ‘झालं का तिचं? अजून किती वर्षं?’ आता आपल्या समाजातली बरीच मुलं-मुली या वाटेला लागली आहेत. त्यांच्या घरच्यांना उपयोगी पडेल म्हणून हे लिहितो आहोत.

आम्ही नवरा-बायको सोलापूरचे. दोघेही शाळेत शिकवतो. वर्गात उर्दू आणि मराठी, घरी दखनी. जिच्याबद्दल लिहितो आहोत ती आमच्यापैकी एकाची सख्खी बहीण आणि दुसरीची नणंद. घरात सगळे तिला छोटी म्हणतात, आमची मुलं फुप्पी म्हणतात. अब्बांनी चाळीस वर्षं यंत्रमागावर चादरी विणल्या, अम्मीने शिलाई मशीन चालवून घराला हातभार लावला. छोटी त्यांच्या पोटची सगळ्यांत धाकटी. एमएस्सी झाली, देशपातळीवरची परीक्षा पास होऊन फेलोशिप मिळवली आणि पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएचडीसाठी दाखल झाली. तिचा विषय टीबी. टीबीचा जंतू औषधाला दाद देईनासा कसा होतो, याचा ती अभ्यास करते. जंतूच्या अंगावर बारीक पंपासारखी प्रथिनं असतात. औषध आत शिरलं की हे पंप ते बाहेर फेकतात. त्यातला एक पंप वेगळा काढून तो कसा चालतो हे पाहायचं, एवढंच तिचं काम. एवढंच म्हणायला सोपं आहे.

तिचा दिवस बराचसा स्वयंपाकघरासारखा असतो. जंतू वाढवायचे तर त्यांना आधी खाऊ घालावं लागतं. त्यासाठी प्लेटमध्ये जो थर ओततात तो अगारचा, म्हणजे आपण रमजानमध्ये पुडिंगला वापरतो त्या चायना ग्रासचाच. टीबीच्या जंतूसाठी एक खास खाद्य वापरतात, त्यात चक्क कोंबडीची अंडी फोडून घालतात. ते खाद्य नळीत तिरकं घट्ट केलं की हिरवट दिसतं. पहिल्यांदा तिने फोनवर सांगितलं, ‘आज सकाळपासून अंडी फोडते आहे,’ तेव्हा अम्मीला वाटलं, मेसचा आचारी सुट्टीवर गेला असेल. बाकीची भांडी, पाणी आणि साधी खाद्यं ऑटोक्लेव्ह नावाच्या यंत्रात घालून १२१ अंशांवर १५-२० मिनिटं ठेवतात. हा आपला प्रेशर कुकरच, फक्त आकाराने मोठा. एकही आगंतुक जंतू जिवंत राहू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

मग मोजमाप. आपला चहाचा चमचा साधारण पाच मिलिलिटरचा. छोटी ज्या मापाने काम करते ते मायक्रोलिटरचं, म्हणजे एका चमच्यात अशी पाच हजार मापं बसतील. पिपेट नावाच्या पेनासारख्या साधनाने असे एक-दोन मायक्रोलिटरचे थेंब शंभर-दोनशे नळ्यांत टाकायचे. मध्येच कुणी हाक मारली आणि कुठल्या नळीत टाकलं हे विसरलं, की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ती काम करत असताना फोन उचलत नाही. दुपारी दोन ते पाच तिला फोन करायचा नाही, हा आता आमच्या घरचा नियम आहे.

प्रत्येक प्रयोगात ती एक कोरी प्लेट ठेवते. तिच्यावर काहीच टाकायचं नाही, पण बाकी सगळे सोपस्कार इतर प्लेटांसारखेच करायचे. दोन-तीन दिवसांनी बाकीच्या प्लेटांवर जंतूंचे ठिपके उगवावेत आणि कोरी प्लेट कोरीच राहावी. ती कोरी राहिली नाही, तर समजायचं की कुठूनतरी परका जंतू घुसला. मग बाकीच्या प्लेटांवरचा रिझल्ट कितीही छान दिसत असला तरी सगळा प्रयोग फेकून द्यायचा. आम्हा शिक्षकांना ही कोरी प्लेट फार आवडली. पेपर तपासताना आम्हीही मनात अशी एक कोरी प्लेट ठेवायला हवी, असं आम्ही एकमेकांना म्हणतो.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे तिची वही. प्रत्येक पानावर तारीख, शाईचं पेन, खाडाखोड मनाई. चुकलं तर एक सरळ रेघ ओढायची, पण आधी काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे. पान फाडायचं नाही. फसलेला प्रयोगही तितक्याच नीट लिहायचा, कारण तो का फसला हे वर्षभराने तिथेच सापडतं. आम्ही एकदा तिची एक जुनी वही चाळली. सलग अकरा पानांच्या शेवटी एकच वाक्य होतं, ‘काही दिसलं नाही.’ बाराव्या पानावर तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘किंचित दिसलं. उद्या पुन्हा.’

या कामात वेळ किती जातो, हे तर टीबीच्या जंतूकडूनच शिकावं. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू मनासारखं खाद्य मिळालं तर २० मिनिटांत एकाचे दोन होतो. टीबीच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ २० तास लागतात. त्याचा ठिपका डोळ्यांना दिसायला तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त. शिवाय तो धोक्याचा, हवेतून पसरणारा. त्याच्यावर काम करायचं तर वेगळी बंदिस्त प्रयोगशाळा लागते, तिथली हवा गाळल्याशिवाय बाहेर जाऊ देत नाहीत, दुहेरी हातमोजे आणि खास मास्क घालून आत जायचं आणि आत असेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. रमजानमध्ये छोटी हसून म्हणते, ‘भाभी, तिथे सगळ्यांचाच रोजा असतो.’ म्हणून रोजचं बहुतेक काम ती टीबीच्या एका निरुपद्रवी चुलत भावावर करते. स्मेग्मॅटिस त्याचं नाव. तो तीन दिवसांत उगवतो. त्याच्यावर जमलं, तर मग खऱ्या टीबीच्या जंतूवर करून पाहायचं. आणि तिथे सहाव्या आठवड्यात नळीत बुरशी दिसली, तर ते सहा आठवडे गेले.

वाचकांना वाटेल, एवढ्या सोसण्याचं कारण काय? आमच्या घरात त्याचं कारण आहे. अब्बांच्या आईला, म्हणजे दादींना, १९७८ साली टीबी झाला होता. त्या काळी कोर्स वर्ष-दीड वर्षाचा असे आणि सुरुवातीचे काही महिने स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं घ्यावी लागत. अब्बा रात्रपाळी करून सकाळी त्यांना सायकलवरून दवाखान्यात नेत. दादी बऱ्या झाल्या आणि पुढे पस्तीस वर्षं जगल्या. छोटी त्यांच्याच कुशीत वाढली.

त्या इंजेक्शनची गोष्ट छोटीने आम्हाला सांगितली. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात रटगर्स विद्यापीठ आहे. तिथे १९४३ साली अल्बर्ट शॅट्झ नावाचा २३ वर्षांचा विद्यार्थी पीएचडी करत होता. म्हणजे छोटीसारखाच, डिग्री न मिळालेला. त्याचे गाइड होते सेलमन वाक्समन. टीबीच्या जिवंत जंतूवर काम करायचं म्हणून त्याला इमारतीच्या तळघरातली खोली मिळाली होती. मातीतले जंतू एकेक करून तपासायचे आणि त्यातला कुठला दुसऱ्या जंतूंना मारणारं रसायन बनवतो ते पाहायचं, असं त्याचं काम. शेकडो प्लेटांवर काही निघालं नाही. १९ ऑक्टोबर १९४३ रोजी त्याला दिसलं की एक राखट-हिरवा जंतू जे बनवतो त्याने इतर जंतू मरतात. तेच पुढे स्ट्रेप्टोमायसीन झालं, टीबीवर चालणारं पहिलं प्रतिजैविक. चाचण्यांसाठी ते जास्त प्रमाणात हवं होतं, तेव्हा हा मुलगा रात्री प्रयोगशाळेतच बाकावर झोपे. चंबूवर खूण करून ठेवलेली असे. पातळी तिच्याखाली उतरली की रखवालदाराने त्याला उठवायचं, असं ठरलेलं.

१९५२ साली या शोधाचं नोबेल मिळालं, ते एकट्या वाक्समन यांना. शॅट्झला त्याआधी कोर्टात जावं लागलं होतं. तिथे तडजोड होऊन शोधात त्याचाही वाटा आहे, हे मान्य झालं होतं. छोटी ही गोष्ट सांगते तेव्हा नोबेलवर फार बोलत नाही. ती म्हणते, ‘दादीला जे इंजेक्शन दिलं ना, ते एका शिकणाऱ्या मुलाच्या रात्रपाळीतून आलं होतं. आणि इकडे तिला ते मिळावं म्हणून अब्बा रात्रपाळी करत होते.’ अब्बा हे ऐकून चश्मा पुसत बसले होते.

आता त्रासाचं सांगतो. जंतूने दिलेला त्रास ती हसत सांगते, कारण जंतू कुणाचा दुष्मन म्हणून वागत नाही. माणसांनी आणि कागदांनी दिलेला त्रास जास्त लागतो. एखादं रसायन परदेशातून मागवलं की ते बर्फात घालून येतं. वाटेत कुठे चार दिवस अडकलं तर येतं ते कोमट पाणी, आणि बिल मात्र पूर्ण. एका यंत्रावर पंधरा मुलांची पाळी, त्यात हिला मिळते ती रात्री अकराची. लिहिलेला लेख जर्नलकडे पाठवला की तिथले परीक्षक चार-पाच महिन्यांनी कळवतात, ‘आणखी तीन प्रयोग करून दाखवा.’ फेलोशिपचंही तसंच. २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि नंतर ४२ हजार असा तिचा दर आहे, वर घरभाडं. ऐकायला बरं वाटतं. पण ही रक्कम दर महिन्याच्या एक तारखेला येईलच असं नाही. एकदा तर सलग सात महिने आली नाही. पुढे एकरकमी आली, पण तोवर खोलीभाडं, मेस, बस यांनी थांबायचं कुणाच्या भरवशावर? आणि ही फेलोशिप जास्तीत जास्त पाच वर्षं मिळते. जंतूला मात्र पाच वर्षांची मुदत माहीत नसते.

पाचव्या वर्षाच्या दिवाळीत जे झालं ते यापेक्षा मोठं होतं. संस्थेला सुट्टी होती. छोटीने गाळून, धुऊन, शुद्ध करून ठेवलेली पंपाची प्रथिनं उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये होती. आठ-आठ लिटर जंतू वाढवावेत तेव्हा त्यातून चिमूटभर निघतं, असा तो माल. वीज गेली, परत आली, आणि त्या हेलकाव्यात फ्रीझर बंद पडला. धोक्याची घंटी वाजत राहिली असणार, पण रिकाम्या मजल्यावर ती ऐकणार कोण? तिसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा आतून पाणी गळत होतं.

ती संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने घरी आली. मोठी बॅग घेऊन आली, तेव्हाच आम्ही ओळखलं. रात्री जेवण झाल्यावर म्हणाली, ‘भाईजान, मी परत जाणार नाही. इथेच बी.एड. करते. तुमच्यासारखी शाळेत लागते.’

तेव्हाच तिच्यासाठी एक चांगलं स्थळही आलेलं होतं. मुलगा शिकलेला, माणसं समजूतदार. त्यांचं म्हणणं एकच होतं, या वर्षअखेर मुलीचं ‘ते’ संपावं. म्हणजे एका बाजूला वितळलेला फ्रीझर, दुसऱ्या बाजूला ठरत आलेलं लग्न, आणि तिसरीकडे दोन महिन्यांनी संपणारी फेलोशिप. आम्ही तिला ‘जा’ही म्हटलं नाही आणि ‘राहा’ही म्हटलं नाही. बी.एड.च्या सीईटीची माहिती काढून दिली, अर्जाला अजून वेळ आहे असं सांगितलं, आणि तोवर झोप काढ म्हटलं. ती दोन दिवस झोपली. अम्मीने खिचडी, खिमा, लसणाची चटणी असं तिच्या आवडीचं करून समोर ठेवलं आणि एक अक्षरही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी अब्बांनी तिला जवळ बोलावलं. त्यांच्या कारखान्यात एकदा पावसाचं पाणी शिरलं होतं, सगळे डोक्याला हात लावून बसले होते. तेव्हा मालकाने पहिलं काम सांगितलं ते उरलेल्या मालाची यादी करायचं. अब्बा छोटीला म्हणाले, ‘बेटा, गेलं त्याची यादी तुझ्या डोक्यात आहे. उरलं त्याची कागदावर कर.’ आणि आमच्या मुलाच्या वहीतलं एक पान तिच्यापुढे सरकवलं.

ती तासभर लिहीत बसली. मूळ जंतूंचा एक संच दुसऱ्या इमारतीतल्या फ्रीझरमध्ये होता, तो सुरक्षित होता. वह्या होत्या. यंत्रांवर घेतलेल्या सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर होत्या. प्रथिनं शुद्ध करायची पद्धत, जी बसवायला तिला दोन वर्षं लागली होती, ती तर हातात आणि वहीत होतीच. पान भरलं. शेवटी तिने हिशेब मांडला तेव्हा पाच वर्षं गेलेली नव्हती, साधारण चौदा महिने गेले होते. आणि पद्धत माहीत असल्यामुळे ते चौदा महिने सहा-सात महिन्यांत भरून निघण्यासारखे होते. ती पुण्याला परत गेली.

स्थळवाल्यांना आम्ही खरं ते सांगितलं, की अजून दीड वर्ष लागेल. त्यांनी नम्रपणे नकार दिला. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर असेल. अम्मी त्या रात्री जेवली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनेच सुचवलं, की छोटीच्या लग्नासाठी म्हणून जी भिशी लावली होती तिचा नंबर आता लागतो आहे, त्यातून तिचं वर्षाचं खोलीभाडं आणि मेसचे पैसे बाजूला काढावेत. आम्ही दोघांनी आमच्या पगारातून दर महिन्याला थोडी रक्कम घालायची ठरवली. लग्नाचं लग्नाच्या वेळी अल्लाह बघेल, असं अम्मी म्हणाली.

अशा वेळी आम्हाला सलीम अली आठवतात. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली मुंबईतल्या मुस्लिम घरातले, जन्म १८९६ चा. लहानपणी एअरगनने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ती कुठली चिमणी हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि तिथून त्यांना पक्ष्यांचा नाद लागला, हे आपण पाठ्यपुस्तकातून शिकवतो. पण त्यांच्याकडे विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती आणि त्यापायी सरकारी शास्त्रज्ञाची जागा हुकली, हे मुलांना सांगत नाही. मुंबईच्या म्युझियममध्ये ते मार्गदर्शक व्याख्याते होते. तिथून रजा घेऊन जर्मनीला शिकायला गेले आणि १९३० मध्ये परत आले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. नोकरी नाही, म्हणून पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले.

घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. तो पावसाळा त्यांनी ती पाहण्यात घालवला. त्यांना दिसलं की नर आधी अर्धवट घरटं विणतो. मादी येते, आत-बाहेर फिरून पाहते, पसंत पडलं तर राहते. मग नर ते पुरं करतो आणि लगेच दुसरं घरटं सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. सुगरणीच्या संसाराची ही रीत त्यांनी लिहून काढली आणि १९३१ साली ती सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आली. त्यांचं नाव झालं ते या अभ्यासाने. बिनपगारी पावसाळ्यातलं ते काम होतं. घरात तहमिना होत्या, त्यांनी या कामाला साथ दिली, हे विसरून चालणार नाही.

याच सलीम अलींना मोटारसायकलींचं वेड होतं. आयुष्यात त्यांनी कितीतरी गाड्या चालवल्या. १९५० साली स्वीडनमध्ये उप्साला इथे पक्षिशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद होती. त्या प्रवासासाठी त्यांनी आपली सनबीम मोटारसायकल जहाजाने युरोपात नेली आणि तिच्यावरून ते हिंडले. तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे होतं. पेनिसिलीनवाले अलेक्झांडर फ्लेमिंग लंडनच्या प्रयोगशाळेत फावल्या वेळात जंतूंची चित्रं काढत. वेगवेगळे जंतू वेगवेगळ्या रंगाचे उगवतात. कुठला किती वेळात उगवेल हे हिशेबाने धरून ते प्लेटवर पेरायचे, आणि एक-दोन दिवसांनी तिथे नाचणारी बाई किंवा सैनिक उमटे. छंद म्हणजे रिकामटेकड्यांचं काम, असं मानणाऱ्या पाहुण्यांना आम्ही हे दोन किस्से सांगतो.

छोटीचा छंद खुशखतीचा. आमच्या शाळेत पूर्वी एक उस्ताद सुंदर नस्तालीक शिकवत. तिथे ती बोरू धरायला शिकली. पुण्याच्या खोलीत तिच्या टेबलावर दोन बोरू, एक दौत आणि जाड कागद असतो. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न मुक्ला नावाचे वजीर होते, ते मोठे कातिब. अक्षर किती उंच, किती रुंद हे बोरूच्या टोकाने उमटणाऱ्या नुक्त्याने मोजायचं, ही शिस्त त्यांनी घालून दिली. छोटीला ही मोजणी फार भावते. ती म्हणते, ‘लॅबमध्ये महिना गेला तरी हातात काही दिसत नाही. इथे तासाभरात एक अलिफ तरी सरळ उभा राहतो.’ ज्या दिवशी प्रयोग फसतो त्या रात्री ती आम्हाला काही सांगत नाही, फक्त लिहिलेल्या अक्षराचा फोटो पाठवते. एखाद्या रात्री चार-पाच फोटो आले की आम्ही समजतो, आज दिवस वाईट गेला. मग दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या आत अम्मी फोन करते आणि शेजारच्या बकरीची, भाजीच्या भावाची, कुणाच्या हळदीची अशी सगळी बातमी सांगते. प्रयोगाचं नाव काढत नाही.

आज काय स्थिती आहे? फेलोशिप संपली आहे. प्रथिनं पुन्हा शुद्ध झाली. या वेळी ती दोन इमारतींत दोन फ्रीझरमध्ये ठेवली आहेत. लेख जर्नलकडून परत आला, परीक्षकांनी दोन प्रयोग आणखी मागितले आहेत. त्यातला एक झाला, दुसरा टीबीच्या खऱ्या जंतूवरचा आहे, म्हणजे आठवडे मोजायचे. थीसिसची चार प्रकरणं लिहून झाली आहेत. पुढे नोकरी कुठे, कधी, याचं उत्तर आज तिच्याकडे नाही आणि आमच्याकडेही नाही. तिचा पंप समजला म्हणून उद्या नवं औषध निघेल, असंही ती म्हणत नाही. ती म्हणते, एवढ्या मोठ्या भिंतीत माझी एक वीट नीट बसली तरी पुष्कळ.

ज्यांच्या घरात असं एखादं मूल आहे त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातल्या चार गोष्टी. ‘झालं का?’ असं विचारू नये. ‘आज काय पाहिलंस?’ असं विचारावं, त्याला उत्तर देता येतं. पाहुण्यांसमोर ‘अजून शिकतेच आहे’ असं म्हणू नये, ‘टीबीवर काम करते’ असं सरळ सांगावं, म्हणजे कामाचा मान राहतो. पहिल्या महिन्यापासून थोडे पैसे बाजूला टाकायला सांगावेत, कारण फेलोशिप उशिरा येते आणि लवकर संपते. मुलीचं स्थळ पाहताना तिच्या कामाची मुदत पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांगावी, आढेवेढे घेऊ नयेत. आणि सब्र फक्त त्या मुलावर सोपवू नये. घरातल्या प्रत्येकाने त्यातला आपापला हिस्सा उचलावा, जसा भिशीत उचलतो.

पुढच्या रविवारी कुणीतरी पुण्याला जाणार आहे. अम्मीने खजुराचे लाडू आणि लसणाच्या चटणीची बरणी आत्ताच बांधून ठेवली आहे. बरणीवर आमच्या मुलीने चिठ्ठी चिकटवली आहे, ‘फुप्पी, ही फ्रीझरमध्ये ठेवायची नाही.’